‘गाठ काढली, मग केमो कशाला?’

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वडील ५८ वर्षांचे, शेतकरी, मधुमेही. संडासवाटे रक्त जायचं, ते मूळव्याध समजून सात-आठ महिने औषधं चालली. शेवटी बेळगावात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली आणि सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या भागात, कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. रिपोर्टवर ‘पीटी३, एन१बी, २/१६’ असं लिहिलंय आणि डॉक्टरांनी केमो सांगितली आहे. भावकी म्हणते, ‘गाठ काढली की, मग केमो कशाला? केमोनं माणूस लवकर जातो. कार्तिकीची वारी होऊ दे, मग बघू.’ वडिलांना ‘आतड्यात जखम होती’ एवढंच सांगितलंय. किती वर्षं मिळतील, केमो घ्यावी का आणि वडिलांना सांगावं का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी तारखेचं बोलू, कारण घाईची गोष्ट तेवढीच आहे. ऑपरेशननंतरची केमो सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर तिचा पुरता फायदा मिळतो. त्यापुढे जितका उशीर, तितका फायदा कमी. तीन आठवडे गेलेत, म्हणजे अजून वेळ आहे, पण ‘मग बघू’ म्हणण्याइतका नाही. वारीचं म्हणाल तर आषाढीला जाऊ देत. तुमच्या वडिलांची केमो बहुधा तीन महिन्यांची असेल, ती तोवर संपलेली असेल.

आता तो रिपोर्ट. माझ्या ओपीडीत लोक फाइल उघडतात ती ‘कितवी स्टेज’ विचारायला, आणि आकडा कळला की फाइल मिटतात. खरं सांगणाऱ्या ओळी त्याच्या खाली असतात. टी३ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरातून आरपार जाऊन बाहेरच्या चरबीत पोचली आहे, पण बाहेरचं आवरण फोडून पोटात उघडी पडलेली नाही. उघडी पडली असती किंवा शेजारच्या अवयवात घुसली असती तर टी४ लिहिलं असतं, आणि टी३-टी४ मधला हा फरक मोठा आहे. एन१बी म्हणजे दोन किंवा तीन लसिका गाठींत, म्हणजे आतड्यालगतच्या लिम्फ नोड्समध्ये, कॅन्सर सापडला. ‘२/१६’ म्हणजे अशा सोळा लसिका गाठी तपासल्या, त्यातल्या दोन बाधित. निदान बारा गाठी तपासल्या गेल्या पाहिजेत असा दंडक आहे. कमी तपासल्या तर ‘गाठी साफ आहेत’ या वाक्यावर भरवसा ठेवता येत नाही. सोळा म्हणजे सर्जननेही नीट काढलंय आणि पॅथॉलॉजिस्टनेही नीट शोधलंय. छातीच्या आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये यकृत-फुप्फुस स्वच्छ असेल तर ही तिसरी स्टेज, आणि तिसऱ्यातलीही कमी जोखमीची बाजू.

रिपोर्टमध्ये आणखी काही शब्द शोधा. कडा, म्हणजे मार्जिन, मोकळ्या आहेत का? रक्तवाहिन्यांत किंवा नसांत शिरकाव लिहिलाय का? पेशींचा प्रकार ‘सिग्नेट रिंग’ तर नाही ना? हा प्रकार आपल्याकडच्या तरुण रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि तो हट्टी असतो. आणि एक तपासणी झाली नसेल तर मागून घ्या: एमएमआर, म्हणजे पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का हे बघणारी. काढलेल्या गाठीच्या ठोकळ्यावरच ती होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. तिचं काम शेवटी सांगते.

किती वर्षं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. बहुतेकदा वॉर्डाच्या दाराशी, रुग्ण आत असताना. खोटा आकडा मी देत नाही आणि आकडा टाळतही नाही. अमेरिकेच्या नोंदींनुसार, आतड्यापुरता मर्यादित असताना सापडलेल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर साधारण ९० टक्के लोक हयात असतात. लसिका गाठींपर्यंत पोचलेला असेल तर ७० ते ७५ टक्के, आणि लांबच्या अवयवांत पसरलेला असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे गर्दीचे आहेत. त्यात ऐंशी वर्षांचे आहेत, केमो अर्धी सोडलेले आहेत, हृदयविकाराचे आहेत. आणि ते तिकडचे आहेत. आपल्याकडचे आकडे त्याहून खाली असतात. त्याचं कारण आपलं शरीर वेगळं, हे नव्हे. लोक उशिरा येतात आणि उपचार अर्ध्यावर सोडतात, हे मुख्य कारण. त्यातला उशीर तुमच्याबाबतीत होऊन गेला. उपचार पुरे करायचे की नाहीत हे अजून ठरायचं आहे, म्हणून केमोवर जरा जास्त लिहिते.

तिसऱ्या स्टेजचे शंभर रुग्ण घ्या, सगळ्यांचं ऑपरेशन उत्तम झालेलं. त्यातले साधारण पन्नास नुसत्या ऑपरेशननेच बरे झालेले असतात. त्यांना केमो दिली काय, न दिली काय, फरक पडत नाही. आणखी पंधरा-वीस जण केमोमुळे वाचतात. राहिलेल्या तीसेक जणांत केमो देऊनही आजार परत येतो. तुमचे वडील या तीन गटांतल्या कुठल्या गटात आहेत हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून केमो सगळ्यांना सुचवली जाते. भावकीच्या ‘गाठ काढली की’ला उत्तर हेच. ऊस तोडला तरी जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटतो हे त्यांना मी सांगायला नको. दोन लसिका गाठींपर्यंत पेशी पोचल्या होत्या, म्हणजे आणखी काही पेशी रक्तातून पुढे गेल्या असण्याची शक्यता आहे. त्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. केमो त्यांच्यासाठी आहे.

हे शंभराचं गणित सगळ्या तिसऱ्या स्टेजचं झालं. टी३ आणि तीनपर्यंत बाधित गाठी, या तुमच्या गटाचं चित्र त्याहून बरं आहे. २०१८ साली सहा मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून प्रसिद्ध झाले. बारा हजारांहून जास्त रुग्ण, निम्म्यांना तीन महिने केमो, निम्म्यांना सहा महिने. तुमच्या वडिलांसारख्या रुग्णांत तीन वर्षांनंतर आजार परत न आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ८३ टक्क्यांच्या आसपास होतं. ज्यांनी कॅपॉक्स घेतलं, त्यांच्यात तर तीन महिने कुठेच कमी पडले नाहीत. कॅपॉक्स म्हणजे ऑक्सालिप्लाटिनचं सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हातापायांना त्रासदायक बधिरपणा सहा महिने घेणाऱ्यांत ४५ टक्के लोकांना आला, तीन महिने घेणाऱ्यांत १४ टक्क्यांना. मधुमेह्याच्या पायाच्या नसा आधीच नाजूक असतात, त्यामुळे तुमच्याकडे हा आकडा आणखी महत्त्वाचा. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तीन महिन्यांचं कॅपॉक्स चालेल का?’ ते सहा महिने म्हणाले तर कारण विचारा. कारण असेलही.

कॅपॉक्सचं वेळापत्रक आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना सोयीचं आहे. एकवीस दिवसांतून एकदा बेळगावला यायचं, दोन तासांचं सलाइन घ्यायचं, संध्याकाळी घरी. मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, उपाशी पोटी नाही. पुढचे सात दिवस सुट्टी. अशा चार फेऱ्या. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिन गोळी चालू असेल तर आधी सांगा, दोघींचं जमत नाही. सलाइनच्या आधी उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने दोन-तीन दिवस साखर चढते. ते दिवस घरी ग्लुकोमीटरवर बघा आणि चढली म्हणून घाबरू नका.

ऑक्सालिप्लाटिनची एक खोड आहे, ती आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो. गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, बारीक करंट बसल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास अडकला असं वाटतं. प्रत्यक्षात अडकत नाही, थोड्या वेळाने जातं. खानापूरकडची पहाटेची थंडी, अंगणातला स्टीलचा तांब्या, रांजणातलं पाणी, हे सगळं सलाइननंतरचे आठ-दहा दिवस टाळायचं. पाणी कोमट, हातात मोजे, सकाळी फ्रीज उघडायचं काम दुसऱ्याकडे. मात्र पुढचं सलाइन आलं तरी बोटांचा बधिरपणा गेला नाही, शर्टाचं बटण लागेना, असं झालं की डॉक्टरांना सांगायचंच. डोस कमी करता येतो, गरज पडल्यास ते औषध थांबवून नुसत्या गोळ्या पुऱ्या करता येतात. ‘सहन केलं पाहिजे’ म्हणून गप्प बसणाऱ्या शेतकऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. अनवाणी चिखलात उभं राहून रोप लावणाऱ्या माणसाला हे किती जड जाईल याचा विचार आधीच करा. तीन महिने चिखलातलं काम दुसऱ्याने करायचं. पायात मऊ चप्पल, रात्री युरिया असलेलं मलम, गरम पाण्यात पाय शेकणं बंद. मधुमेह असल्याने रोज तळपाय उजेडात कोणीतरी बघायचे. जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले की गोळ्या थांबवून फोन करायचा. ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो की दिवस, रुग्णालय गाठायचं. गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. ‘केमोनं माणूस गेला’ अशा ज्या गोष्टी गावात फिरतात, त्यांतल्या बऱ्याच अशाच एका वाया गेलेल्या रात्रीच्या असतात. एक दिलासा: या केमोने डोक्यावरचे केस सहसा पूर्ण जात नाहीत.

जेवणाचं पथ्य म्हणून आपल्याकडे दूध, अंडी, भात, वांगं, सगळं एकदम बंद करतात आणि मग वजन सात-आठ किलोंनी उतरतं. तसलं पथ्य नको. आमटी, अंडी, मासे, दही, पचेल ते आणि जमेल तितकं. झाडपाल्याची औषधं तीन महिने बाजूला ठेवा. यकृताचे रिपोर्ट बिघडले तर ते केमोमुळे की काढ्यामुळे हे मला कळायला मार्ग राहत नाही आणि पुढची फेरी लांबते.

वडिलांना सांगायचं का? सांगा. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ‘तुमचा कुठला?’ ‘आतड्यात जखम होती’ हे उत्तर तिथे टिकत नाही. माझा अनुभव असा की वडिलांना बहुतेक वेळा कळलेलंच असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तेही गप्प असतात आणि दोन्हीकडून नाटक चालू राहतं. ज्याला आपण काय घेतोय हे माहीत नाही तो गोळ्या दहाव्या दिवशी सोडतो, कारण ‘जखम’ तर बरी झाली. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘आप्पा, गाठ चांगली नव्हती. काढली आहे. परत येऊ नये म्हणून तीन महिन्यांचं औषध आहे,’ एवढ्यात सगळं खरं येतं. पुढचं ते विचारतील, विचारतील तेवढंच सांगा. तुम्हाला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगायला सांगा, मराठीत. आपल्या भागात फाइल इंग्रजीत, दारावरची पाटी कन्नडमध्ये आणि रुग्ण मराठी, असं नेहमीचं आहे. त्यात वडिलांना कोणी नुसतं ‘सही करा’ म्हणू नये.

केमो संपली की लोक समजतात सुटलो. आजार परत यायचा असेल तर बहुतेकांत पहिल्या तीन वर्षांत येतो, म्हणून ती वर्षं जागं राहायचं. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्तातलं सीईए (आजार परतला तर बहुधा वाढणारं प्रथिन), त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा तरी छाती-पोटाचं सीटी. ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी. गाठीने आतडं अडल्यामुळे आधीच्या वेळी दुर्बीण पुढे गेली नसेल तर वर्षभर थांबायचं नाही, तीन ते सहा महिन्यांतच सगळं आतडं बघून घ्यायचं. ‘आता काही त्रास नाही, कशाला जायचं’ हे वाक्य मला फार महाग पडताना दिसतं. या आजारात यकृतात एक-दोन ठिकाणी परत आलेली गाठ काढता येते, आणि अशी पूर्ण काढता आलेल्यांपैकी शंभरात चाळीसेक जण पाच वर्षांनंतरही असतात. पण ती लहान असताना सापडायला हवी, आणि दुखायला लागते तेव्हा ती लहान राहिलेली नसते.

व्यायामाबद्दल २०२५ साली एक चांगली गोष्ट सिद्ध झाली. केमो संपलेल्या कोलन कॅन्सरच्या रुग्णांना तीन वर्षं मागे लागून, ठरवून व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनंतर आजार न परतलेले त्यांच्यात ८० टक्के होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत ७४. सहा टक्के म्हणजे एखाद्या महागड्या औषधाइतका फायदा. शेतातली ये-जा पुरत नाही, रोज पाऊण तास भरभर चालणं हवं. वारकऱ्याला हे समजावायला वेळ लागू नये. तंबाखू मात्र सोडायची, निपाणीची असो की कुठलीही.

हे वाचणाऱ्यांत काहींच्या घरी गुदाशयाचा, म्हणजे रेक्टमचा, कॅन्सर असेल. त्याची वाट वेगळी. तिथे बरेचदा आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. एमआरआय न करता घाईने ऑपरेशन ठरत असेल तर दुसरं मत घ्या. पोटावर पिशवी लागेल या भीतीने लोक पळून जातात. बऱ्याच जणांची पिशवी तात्पुरती असते. कायमची लागली तरी माणूस शेत बघतो, एसटीने फिरतो, लग्नात जेवतो. लहान आतड्याची पिशवी असेल तर पाणी फार जातं, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी, ताक, भाताची पेज भरपूर.

आणि ज्यांना पहिल्याच स्कॅनमध्ये चौथी स्टेज सांगितली गेली, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की चौथी स्टेज ही एकच गोष्ट नाही. यकृतात दोन गाठी असलेला आणि पोटभर पसरलेला, दोघेही कागदावर चौथ्याच स्टेजचे. पहिल्याचा यकृताच्या सर्जनला दाखवल्याशिवाय निकाल लावू नये. दुसऱ्याला केमोने सहसा बरं करता येत नाही, पण वेळ मिळतो. नव्या औषधांच्या चाचण्यांत निम्मे रुग्ण दोन-अडीच वर्षांपुढे गेलेले दिसतात. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ या गाठीतल्या जनुकांच्या तपासण्यांवरून औषध ठरतं. दुखणं कमी करणारा विभाग पहिल्या दिवसापासून सोबत हवा, शेवटी आठवायचा नाही.

पैशांचं: बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. खासगी रुग्णालयात जायचं तर आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, आपल्याकडे ते बहुधा बिम्समधून, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून. ते केमोच्या आदल्या दिवशी धावपळ करून आणायची वस्तू नाही, याच आठवड्यात काढा. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली आहे. तुमचं गाव त्यात आहे का आणि कुठले कागद लागतात ते कोल्हापूर-मिरजेकडे जाण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला फोनवर विचारा. नेहमीची केमो बेळगाव, हुबळी, कोल्हापूर इथे तीच असते जी मुंबईत टाटाला असते. टाटाला दुसरं मत घ्यायला जा, पण दर एकवीस दिवसांनी परळच्या फुटपाथवर मुक्काम करायची गरज नाही.

मूळव्याधीत गेलेल्या महिन्यांचं तुम्ही दोनदा लिहिलंय. त्याने आता वडिलांचा उपचार बदलत नाही, तेव्हा स्वतःला त्यात कोंडून घेऊ नका. इतरांसाठी: चाळिशीनंतर संडासवाटे रक्त, संडासची सवय महिनाभर बदललेली, किंवा पुरुषमाणसाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलेलं, यांपैकी काहीही असेल तर बोटाने तपासणी आणि दुर्बीण झाल्याशिवाय मूळव्याधीचं औषध सुरू करू देऊ नका. तिशीतलं रक्तही आठवड्यांपलीकडे चाललं तर हेच. रक्त जाणं थांबवायच्या गोळ्या देणाऱ्याने किती जणांना आधी तपासलंय, हे विचारायला लाजू नका.

आता एमएमआर. या तपासणीत दोष निघाला तर दोन गोष्टी बदलतात. एक, केमोचा विचार वेगळा होतो, इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, पर्याय पुढे येतो. दोन, आजार घराण्यात उतरणारा, म्हणजे लिंच सिंड्रोम, असू शकतो. मग आधी वडिलांची जनुकीय तपासणी करायची, आणि तिच्यात दोष निघाला तर त्यांच्या भावंडांची आणि तुमची. ज्यांच्यात दोष निघेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी. लिंच असलेल्या घरातल्या बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो, तेव्हा आत्या आणि बहिणींना यातून वगळू नका. रिपोर्ट सरळ निघाला तरी तुम्हा भावंडांना चाळिशीत एक कोलोनोस्कोपी आहेच. मधल्या काळात कोणाला रक्त दिसलं तर चाळिशीची वाट बघायची नाही. वडिलांच्या गाठीचे ठोकळे रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत असतात. पहिल्या सलाइनच्या आधीच तपासणीचा अर्ज भरून द्या.